कलप

म्हाताऱ्यांच्या वस्तू निवडण्यात म्बेयूचा हात धरणारं मोम्बासात दुसरं कुणी नव्हतं. नऊ वर्षं ती अशा वस्तूंच्या एकाच दुकानात उभी होती. गिऱ्हाइकाची चाल बघून ती काठीची उंची सांगायची, आणि न्हाणीघरात धरायला दांडी कुठे हवी ते घर न बघताच सांगून मोकळी व्हायची. म्हणूनच किलिफीच्या आतल्या बाजूला असलेल्या आपल्या गावी निघताना तिनं रबरी बुडाची काठी, शौचाला बसायची भोकाची खुर्ची, पाय न घसरणारी चटई असं सगळं बापासाठी पारखून घेतलं आणि खच्चून भरलेल्या मटाटू गाडीतून मांडीवर सांभाळत आणलं. बापानं, चेंगोबाबांनी, ते एकेक करून बाजूला सारलं.

"घसरून मरायला इथं कुणाला सवड आहे गं?" ते म्हणाले. "कलप आण. काळाकुळकुळीत."

तिला आधी हसू आलं, मग कारण आठवलं. पांढरं डोकं म्हणजे चेटूक, हे या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुणाचं मूल तापानं गेलं की आधी पांढरं डोकं शोधायचं आणि मग कोयता, अशी इथली रीत. शेजारच्या म्हाताऱ्याला त्याच्या सख्ख्या पुतण्यांनी मागच्या महिन्यातच आंब्याखाली तोडला होता. पहिला घाव मनगटावर बसला, कारण त्यानं डोकं झाकायला हात वर केले होते. आणि आता म्बेयूच्या धाकट्या भावाचा, करीसाचा, मुलगा जाऊन पंधरवडा झाला होता. करीसा तेव्हापासून माडी पीत होता आणि बापाच्या झोपडीकडे नुसता बघत बसत होता.

म्हणजे काय, तर बापाच्या जिवाला राखेल अशी वस्तू तिच्या अख्ख्या दुकानात नव्हती, नाक्यावरच्या टपरीत होती. तिनं चार पाकिटं आणली.

सकाळच्या उन्हात बाबांना खुर्चीवर बसवून तिनं पहिलं पाकीट लावलं, वाट बघितली, डोक्यावर पाणी ओतलं. काळं पाणी वाळूत जिरलं आणि खाली केस होते तसेच, पांढरेफटक. माल शिळा असेल, असं म्हणून तिनं दुसरं फोडलं. तेही वाहून गेलं. तिसऱ्यातलं बोटभर तिनं आधी स्वतःच्या बटेला लावलं, मग शेळीच्या पांढऱ्या कानाला. बट काळी झाली, कान काळा झाला. तिचे हात मनगटापर्यंत काळे झाले. बाबांचा एकही केस काळा झाला नाही.

"बसला का गं रंग?" त्यांनी विचारलं. घरात आरसा नव्हता.

"बसतोय."

डोक्यावर पाण्याचा डबा घेऊन जाणारी शेजारीण कुंपणापाशी थबकली. "काय हो आजोबा, दुसरं लग्न करताय की काय?" म्हणत ती खिदळत निघून गेली. काय जीभ आहे मेलीची, म्बेयूच्या मनात आलं. म्हाताऱ्याच्या जिवावर बेतलंय आणि हिला टोमणे सुचताहेत!

चौथं पाकीट कालवताना मात्र तिचा हात थांबला. तिची दोन बाळं पोटातच गेली होती. दोन्ही वेळा ती गावी आली होती, आणि दोन्ही वेळा बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. छे, काहीतरीच! तिनं स्वतःला झापलं आणि ती कलप चोळू लागली. चोळता चोळता नखं कधी रुतली ते तिला कळलं नाही. काळ्या पाण्यात लाल धार मिसळून बाबांच्या कानामागून उतरली, तरी ते हूं की चूं करेनात.

"लागतंय का?"

"तुझ्या हातानं मला कसलं लागतंय!"

का लागत नाही? माणूस असेल तर लागेल ना? तिला स्वतःच्याच बापाची भीती वाटली. तिनं केस धुतले. पांढरे. तिनं घाईघाईनं त्यावर टोपी दाबली.

दुपारी करीसा आला तो दोन चुलतभावांना घेऊनच. तिघांच्या हातात कोयते होते. म्बेयू आडवी आली तेव्हा त्यानं तिला कुंपणावर भिरकावली, बापासकट खुर्ची लाथेनं उलटवली आणि कोयत्याच्या पाठीनं बापाच्या तोंडावर असा तडाखा दिला की दोन दात वाळूत पडले. त्यानं टोपी हिसकली, कोयता उचलला.

आणि तो तसाच राहिला.

"ताई," त्याचा आवाज चिरकला, "काळे आहेत गं. सगळे काळे आहेत."

"चल रे," एक चुलतभाऊ पुटपुटला, "उगाच म्हाताऱ्याच्या रक्तात हात घालशील." दुसऱ्यानं कोयता केव्हाच खाली केला होता. करीसा हमसून हमसून रडायला लागला. मेलेल्या पोराचं नाव घेत, बापाची माफी मागत तो जायला वळला.

म्बेयूनं गप्प बसायचं होतं, एवढंच. ओठांवरचं रक्त पुसत ती उठली. वाळूत पडलेल्या बाबांचं डोकं ती बघत होती, भर उन्हात, दोन हातांवरून. ते पांढरं होतं. केस न् केस पांढरा होता. तिला आपली दोन बाळं आठवली.

"नीट बघा," ती म्हणाली. "मुळांपाशी बघा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग, तिला खोटं पडावं लागू नये म्हणून की काय, त्यांनी गुडघ्यांवर येऊन मान पुढे केली.