रंगूनचे बौद्ध

हे लिहावं का नाई, याच्यातच दोन इतवार गेले. टाईपरायटरमधी कागद घालो, अन् कोरा काढून घेवो. श्रावणची गोष्ट हाय, माही नाई, असं वाटे. पण सांगाले दुसरं कोणी नाई. म्हणून लिहून राह्यलो.

मी वर्ध्याले बाबाराव वकिलाकडं टाईप करतो. टाईप मी माह्या मनानंच शिकलो, अन् इंग्रजीबी तशीच, डिक्शनरी मांडीवर घेऊन. अखिन एक काम माह्याकडं हाय. कायदा बदलला का सरकारातून छापील चिठ्ठ्या येतात. त्या कापाच्या, खळ लावाची, अन् पुस्तकात जुन्या कलमावर चिकटवाच्या. पयले नागपुरातून येत. राज्य बदललं तवापासून मुंबईहून येतात, म्हणजे येतील तवा येतील. कायदा तिकडं बदलून जाते अन् आमी इकडं जुन्यावरच भांडत राह्यतो.

खोलीत मी अन् पुस्तकं. वकील कोर्टात जातात, मी निकाल वाचत बसतो. कोण्या गावची सून, कोणाची विहीर, कोणाची वाट अडवली. हळूहळू ते लोक ओळखीचे झाले. वर्ध्यात माही ओळख म्हणजे तेवढीच. खानावळीत बाजूले बसणाऱ्याचं नाव मले अजून माईत नाई. पण छापलेल्या सुनेचं सासर कोठचं, ते सांगतो.

तं दिवाळीनंतर श्रावण आला. आमी पुलगावले एका बाकावर शिकलो. तो नाचणगावचा. मिलमधलं काम त्याचं उन्हाळ्यातच सुटलं. आता ठेसनवर मिळंल ते वझं उचलते.

"भैया, चाल बाहेर," तो म्हणे.

"काऊन बे? बस ना इथंच."

"इथं नाई. हे पुस्तकं आयकतात."

बाहेर लिंबाखाली त्यानं सांगतलं. त्याची बायको पंचफुला दिवाळीले माहेरी गेलती, जामले. वापस आलीच नाई. सासरा चिंधू म्हणते, हे लगनच झालं नाई. अंतरपाट नाई, अक्षता नाई, भट नाई. हार घातले अन् बुद्धवंदना म्हटली, त्याले लगन म्हणतात का? जामच्या नाक्यावर एकाचं चायचं दुकान हाय, त्याच्यासंगं पोरीचं 'पयलं लगन' लावतो म्हणते.

"अन् तुह्या लगनात लाडू कोणं खाल्ले? त्यानंच ना?"

"चार खाल्ले. अन् धोतरात दोन बांधून नेले." तो हसला नाई. "भैया, तुह्याजवळ एवढे पुस्तकं हायेत. पाहून दे ना. आमचं लगन लगन हाय का नाई, एवढंच पाह्य."

मी म्हटलं, "पाह्यतो. दोन दिवसानं येजो."

पयले मी पंचावन सालचा लग्नाचा कायदा काढला. श्रावण, मी, आमी सारे दीक्षा घेऊन बौद्ध झालेलो; त्या कायद्यात बौद्ध बी येतात, तसं साफ लिहिलं हाय. माहा जीव थंड झाला. मंग खालचं कलम वाचलं. लगन कोण्या बी एका बाजूच्या रूढीपरमानं लागलं पाह्यजे. रूढी. आमची रूढी कोणती, ते कोठं लिहिलं हाय?

मंग डायजेस्ट काढले. डायजेस्ट म्हणजे सगळ्या कोर्टाचे निकाल इषयवार लावलेले जाड पुस्तकं. आमच्याकडचा शेवटचा भाग राज्य बदलाच्या पयलेचा. त्याच्यानंतरचे मंगवले हायेत, येऊन राह्यले. त्यात 'बौद्ध' पाह्यलं, अन् मी उभाच झालो. एक नाई, दोन नाई, पानंच्या पानं! बौद्ध नवरा, बौद्ध बायको, बौद्ध लगन. मले तं वाटलं होतं का आमी कोठंच नसू.

निकाल सारे रंगून कोर्टाचे होते, इंग्रजाच्या वक्ती बर्मा हिंदुस्थानातच होता तवाचे. लिहिलं होतं का नवरा-बायको राजीखुशीनं एका घरात राह्यले, एका ताटात जेवले, शेजाऱ्यापाजाऱ्यानं त्याईले नवरा-बायको मानलं, तं झालं लगन. भट लागत नाई. काईच लागत नाई.

एका ताटात! मी नाचणगावले त्याच्या घरी गेलतो तवा पाह्यलं होतं. भाकरीचा शेवटचा तुकडा तो तिच्याकडं सरकवे, ती त्याच्याकडं सरकवे, अन् शेवटी कुत्रं खाये. मले वाटलं, हे रंगूनच्या जजानं कसं पाह्यलं?

रंगून बर्मात हाय हे मले माईत होतं. पण मी म्हटलं, बुद्ध एकच, तं कायदाबी एकच असंल. चार पानं टाईप केले, खाली लाल रेघा मारल्या, अन् बाबारावजी कोर्टातून आले तसे त्याईच्या समोर ठेवले. तवा तिथं किसनराव वकीलबी बसून होते, पान लावत.

बाबारावजीनं पयलं पान वाचलं, दुसरं वाचलं. चष्मा काढला.

"भैयाजी, टाईप सुंदर हाय. पण हा बर्मी लोकाईचा रिवाज हाय बाबू. त्याईच्या आजा-पणज्यापासूनचा. बुद्धाचा कायदा नाई हा."

किसनराव म्हणे, "तं मंग तुमच्या दोस्ताले म्हणा लुंगी नेस, अन् जाय रंगूनले!"

"किसनराव, थांबा जरा. भैयाजी, तुमच्या लोकाईची रूढी कितीक जुनी?"

मी म्हटलं, "दीक्षेपासून मोजली तं दोन वर्षाची."

"दोन वर्षाची!" किसनराव एवढे हसले का पानाचा थुका शर्टावर आला. "अरे, अजून दूध सुटलं नाई तिचं, अन् कोर्टात उभं कराले निंगाले!"

बाबारावजी हसले नाई. म्हणे, "निकाल सापडला नाई म्हणजे केस हरलो असं नसते. कोणं अजून कोर्टाले इचारलंच नाई, एवढाच त्याचा अर्थ. पण कोर्टाच्या आधी एक गोष्ट. पोरगी जाणती हाय ना? ती काय म्हणते?"

श्रावणनं सासऱ्याचं सांगतलं, चायवाल्याचं सांगतलं. तिचं त्यानं सांगतलं नाई, अन् मीबी इचारलं नाई.

चारी पानं मी उचलून आणले. खोलीत बसलो. पुस्तकात बौद्ध म्हणून जे सापडले होते ते दुसऱ्याच मुलखाचे निंगाले. एवढे कपाटं भरले हायेत, अन् त्यात आमचा एक माणूस नाई. त्या दिवशी मी खानावळीत गेलोच नाई.

दोन दिवसानं श्रावण आला. मी लपवलं नाई. म्हटलं, "पुस्तकात नाई. तुमचं लगन खोटं हाय असंबी नाई, अन् खरं हाय असंबी नाई. आपल्या लोकाईबद्दल काईच नाई."

तो लिंबाच्या बुडाशी बसला. चप्पलनं माती उकरत राह्यला.

"मंग चिंधूमामा म्हणते तसं करू का? अंतरपाट धरून अखिन एकदा लावू लगन? झंझट मिटंल."

"तं आताचं नव्हतंच, असं तूच म्हटल्यासारखं होईन."

"मले समजते बे."

"पंचफुला काय म्हणते?"

तो म्हणे, "तिनं निरोप नाई धाडला. आमच्या शेजारची तानाबाई जामच्या बाजारात गेलती, तिच्यापाशीबी नाई." अन् एकदम माह्याकडं पाह्यलं. "म्हणून तं तुह्याकडं आलो ना. पुस्तकातून निंगालं असतं तं मले तिले इचाराच लागलं नसतं."

त्याच्यावर हसावं असं त्यात काईच नव्हतं. मीबी तेच करतो. माणसाले इचाराच्या ऐवजी पुस्तकाले इचारतो.

"चाल मंग जामले," मी म्हटलं.

"अन् ती नाई म्हणाली तं?"

"म्हणाली तं म्हणाली. कायदा तिले बांधून नाई आणू शकत. तसा कायदा सापडला असता तरी मी तुले देला नसता."

"सासरा हाकलून देईन."

"देऊ दे. मी लगनात होतो. त्याच्या समोर उभा राहून सांगीन, का वंदना झाली, हार झाले, अन् तुमी चार लाडू खाल्ले."

"तू?" आता तो जरासा हसला. "तुह्या तोंडातून चार लोकाईत शब्द निंगत नाई. शाळेत हजेरी देताना घाम फुटे तुले."

"फुटंल. तरी सांगीन."

श्रावण उठला, धोतर झटकलं. एस्टी सकाळची हाय, तो म्हणे, येशील ना खरंच? ऐन वक्ताले पुस्तकात घुसून बसशील.

मी म्हटलं, "श्रावण, मी येतो. ती हो म्हणाली तं तिघं वापस येऊ. नाई म्हणाली तं दोघं येऊ, पण तुले एकट्याले त्या मोटारीत बसू देणार नाई."