सव्वा मिलिमीटर

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली छोले-कुलच्याच्या गाडीवर गेले, तसा हणमंत नाईकवडींनी काचेच्या टेबलाखालचा दिवा लावला आणि पिशवीतून स्वतःच्या पाठीच्या दोन फिल्म काढून शेजारी-शेजारी ठेवल्या. एक मार्चमधली, एक कालची. एमआरआय म्हणतात म्हणे. मग डिव्हायडर घेऊन, श्वास रोखून, ते मणक्यामधून मागे आलेला तो काळा फुगवटा मोजू लागले.

पहिली फिल्म, साडेतीन मिलिमीटर. दुसरी, सव्वादोन.

त्यांनी पुन्हा मोजलं. सव्वादोनच! म्हणजे मणक्यामधली गादी चांगली सव्वा मिलिमीटर आत सरकली होती. एकतीस वर्षं नकाशे काढणाऱ्या माणसाचा हात, तो काय चुकणार? हणमंतराव स्टुलावर मटकन बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. आता सुरी नको, टेबल नको, काही नको.

या दुखण्याने त्यांना अगदी जेरीला आणलं होतं. सत्त्याण्णव साल. तिकडे द्वारकेला सोसायट्यांवर सोसायट्या उठत होत्या आणि त्यांचे जिने, गॅलऱ्या, गच्च्या नेहरू प्लेसच्या या ऑफिसात बोर्डावर ओणवं होऊन हणमंतराव काढत होते. शेजारच्या खोलीत नवे कॉम्प्युटर येऊन बसले होते, त्यामुळे रजा घ्यायचीही छाती होत नव्हती. मार्चमध्ये एका सकाळी ब्लू लाइन बसमधून उतरताना कमरेतून जी कळ निघाली, ती डाव्या पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत गेली.

डॉक्टर भसीन माणूस चांगला. मणक्याच्या प्लास्टिकच्या सापळ्यावर बोट ठेवून त्यांनी सगळं समजावलं होतं.

"नाईकवडी साहब, सौ में से अस्सी-नब्बे लोग बिना ऑपरेशन ठीक हो जाते हैं। गोली लीजिए, दो-तीन दिन आराम, फिर चलना-फिरना और कसरत। छह हफ्ते में फर्क न पड़ा तो नया एमआरआई करा के लाइए। फिर कमर में इंजेक्शन है, और आखिर में ऑपरेशन। पर एक बात। पेशाब रुके या पैर का पंजा ढीला पड़े, तो उसी दिन आना है। उसी दिन!"

यातला 'ऑपरेशन' हा एकच शब्द हणमंतरावांनी घरी आणला. त्याला कारण होतं त्यांचा थोरला भाऊ गुणवंत. चौऱ्याहत्तर साली गावाकडे त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. गडी चालत गेला आणि परत आला तो चौघांच्या खांद्यावरच्या बाजेवरून. पुढे अठरा वर्षं तो त्या बाजेवरून उठला नाही. त्याला काय झालं होतं, काय कापलं, कुणालाच धड सांगता येत नव्हतं. हणमंतरावांना आठवायची ती त्याची पावलं. आई ती दोन्ही हातांनी उचलून कुशीला वळवायची.

त्या संध्याकाळी मयूर विहारला घरी पोचल्या पोचल्या त्यांनी बायकोला सांगून टाकलं.

"कुसुम, बरं झालोय मी. मोजलं स्वतः."

"मोजलं? आणि रिपोर्टात काय लिहिलंय?" कुसुमावतीने फिल्मसोबतच्या बंद पाकिटाकडे बघत विचारलं.

"ते डॉक्टरच्या नावाचं आहे. आपण कशाला फोडायचं?"

"मग जा की घेऊन त्यांच्याकडे!"

"बाबा, दाखवून टाका ना. टेन्शन खतम," मृणाल टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली. दिल्लीत वाढलेली पोर, तिचं सगळं असंच झटपट.

"जाईन की. घाई काय आहे?" म्हणत त्यांनी पाकीट कपाटात साड्यांच्या खाली सारलं. खरं सांगायचं तर त्या पाकिटाची त्यांना भीती वाटत होती. फिल्मवर आपली पट्टी चालते, पण लिहिलेल्यापुढे काय चालणार?

आणखी एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. चार दिवसांपासून जिना चढताना डाव्या पायातली चप्पल निसटत होती. दुखणं होतं तेवढंच होतं, पण अंगठा सांगितलेलं ऐकत नव्हता. सकाळी सगळे उठायच्या आत ते पांघरूण बाजूला करून अंगठ्याकडे बघत राहायचे. उठ बाबा, उठ. तो थरथरायचा आणि पडायचा. मग डोळ्यांसमोर गुणवंतची पावलं यायची. अशा वेळी ते स्वतःला बजावायचे, 'सव्वा मिलिमीटर कमी झालंय. येईल ताकद, येईल.'

असे तीन आठवडे गेले. त्यांनी चपला सोडून बूट घालायला सुरुवात केली, अगदी रविवारी भाजी आणायला जातानाही. कुसुमावती काय खुळी होती? एकदा ती मागून जिना चढत होती आणि तिने त्यांच्या डाव्या बुटाचं टोक प्रत्येक पायरीला ठेचकाळताना पाहिलं.

"थांबा. पाऊल वर करा बघू."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत! वर करा म्हणते ना!"

पाऊल वर आलं नाही. तिथेच, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, हणमंतराव भिंतीला टेकले.

"मला तरी सांगायचंत," ती म्हणाली.

"भीती वाटत होती गं. फार भीती वाटत होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं डॉक्टर भसीनांसमोर होती. डॉक्टरांनी आधी पाय तपासला आणि त्यांचा चेहराच उतरला. मग त्यांनी दोन्ही फिल्म उजेडावर लावल्या. हणमंतराव चाचरत म्हणाले, "सर, कम हुआ है। मैंने नापा है।"

"किससे नापा?"

"डिव्हायडर से।"

डॉक्टरांनी फिल्मच्या कडेला छापलेल्या बारीक मापपट्टीवर बोट ठेवलं, आधी एकीच्या, मग दुसरीच्या. पहिल्या सेंटरने चित्र मोठं छापलं होतं, नोएडाच्या नव्या सेंटरने लहान. दोन नकाशे, दोन स्केल! मग त्यांनी पाकीट फोडलं. मार्चच्या रिपोर्टात नऊ मिलिमीटर लिहिलं होतं. नव्या रिपोर्टातही नऊच.

हणमंतरावांचे कान गरम झाले. नकाशावर पट्टी लावून माप काढायचं नाही, लिहिलेला आकडाच खरा, हे त्यांनी किती पोरांना दरडावून शिकवलं होतं! ड्राफ्ट्समनच्या धंद्यातला तो पहिला धडा.

"और मेरा भाई..." त्यांनी कसंबसं विचारलं.

सगळी हकीकत ऐकून डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "शायद रीढ़ की टीबी रही होगी। वो बीमारी ही अलग है। आपका तो छोटा सा चीरा है, बस दबी हुई नस छुड़ानी है। दर्द तो शायद चला जाएगा। पंजे की ताकत लौटेगी या नहीं, अब कह नहीं सकता। तीन हफ्ते पहले आते तो..."

कुसुमावतीने नवऱ्याचा हात घट्ट धरला.

ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी झालं. आत नेताना हणमंतरावांनी तिचा हात इतका आवळला की नर्सला तो सोडवावा लागला.

त्यानंतरच्या सकाळी फिजिओथेरपीच्या बाईने त्यांना हळूच उठवून उभं केलं. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला कुसुमावती. हणमंतराव वाट बघत राहिले, पण कळ आलीच नाही. कमरेतून नाही, पोटरीतून नाही. मार्चनंतर पहिल्यांदा अंग हलकं लागत होतं. ते पायांवर उभे होते, बाजेवर नव्हते.

"चलिए अंकल, दरवाज़े तक."

उजवं पाऊल पडलं, त्याचा आवाज झाला नाही. डावं पडलं ते फरशीवर फट्कन आपटलं. पुढचंही तसंच, फट्. दोघांनीही ते ऐकलं. कुसुमावतीने खाली पाहिलं नाही.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"नाही गं," हणमंतराव म्हणाले, "अजिबात नाही."

आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवून ते दाराकडे चालत राहिले.