प्यायलेलं नायलॉन

प्रयोगशाळेतल्या चाचणीयंत्राचा लोलकासारखा झुलणारा हातोडा खाली आला, नायलॉनच्या पट्टीवर आदळला आणि पट्टी नुसती वाकली. तुटली नाही.

"ताई, पास!" केमिस्ट मॅडमनी टाळी वाजवली. "रबर मिसळल्याचा फायदा झाला म्हणायचा. चाकं पाठवून देऊ."

यंत्र चालवणाऱ्या ताई हसल्या नाहीत. शीतगृहातल्या हातगाड्यांची ही चाकं, पट्टीच्याच मिश्रणाची. निव्वळ नायलॉनची चाकं थंडीत काचेसारखी फुटायची. असंच एक फुटलं, गाडी कलंडली आणि खोकी कोसळली ती ताईंच्याच नवऱ्याच्या पायावर. प्लास्टर निघालं होतं. सोमवारी तो कामावर परतणार होता. पट्टी पास व्हावी असं ताईंइतकं कोणालाच वाटत नव्हतं.

"मॅडम, या पट्ट्या आठवडाभर उघड्या ट्रेमध्ये होत्या."

मॅडमचा हात टाळीतच थांबला. नायलॉन हवेतलं पाणी पितं आणि प्यालं की लवचीक होतं. पण कडक थंडीत तो लवचीकपणा टिकत नाही.

"म्हणजे प्यायलेल्याचं शौर्य बघितलं आपण," मॅडम म्हणाल्या. "बंद पिशवीतल्या काढा. आणि गारच करून ठोका."

गार, कोरडी पट्टी पहिल्याच फटक्याला कट्‌कन तुटली. मॅडमनी तुकडा भिंगाखाली धरला. रबराचे कण नायलॉनपासून सुटून आले होते.

"एका घरात राहतात, पण बोलत नाहीत. नायलॉनला धरून बसेल असं रबर घ्यायला हवं."

संध्याकाळी नवऱ्याने दारातच विचारलं, "काय, पास?"

"नापास."

"कुणी केलं?"

"मीच म्हटलं, परत बघू."

"तुझी आई लग्नाआधीच म्हणाली होती, पोरगी कडक आहे. मीच मनावर घेतलं नाही."

"अहो, नवी चाकं येईपर्यंत जाऊ नका."

"अगं, घरात बसून वेड लागेल मला! कालपासून तुझे डबे आकाराप्रमाणे लावतोय."

"दिसलं. झाकणं शोधताना नाकी नऊ आले."

तो हसला, पण कपाटातून काढलेला कामाचा जाड कोट त्याने पुन्हा आत टांगला.

नवं मिश्रण आलं. पट्ट्या साच्यातून निघाल्या तशा बंद केल्या, गार केल्या. हातोडा बसला. पट्टी वाकली, वाकल्या जागी पांढरी पडली, पण एकसंध राहिली. ताईंनी दुसरी लावली. मग तिसरी.

"आता वाजवू का टाळी?" मॅडमनी विचारलं.

"वाजवा."

चाकं बसवली त्या दिवशी त्या दोघी शीतगृहात गेल्या. जाड दार सरकलं, वाफ बाहेर आली आणि मागोमाग खोक्यांनी लादलेली गाडी. लोखंडी उंबरठ्यावरून चाकं धाडकन खाली उतरली. ताई वाकून चाकांकडे बघू लागल्या. चाकं तशीच पुढे चालू लागली.

गाडी ढकलणारा, पाय किंचित ओढत, सोबत्याला सांगत होता, "घरी बसून माणूस बिघडतो बघ. मी तर डबे लावायला लागलो होतो..."

त्याचं इकडे लक्षच नव्हतं. ताईंनी हाक मारली नाही. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि गाडीला वाट दिली.