आबा फोटोला बसले

बंडीचं वरचं बटण कॅमेऱ्याच्या काचेवर खाली आलं होतं, उलटं, धूसर — पितांबरने भिंग जरा पुढे सरकवलं आणि ते स्पष्ट झालं. मग हनुवटी, मिशी, डोळे... काळ्या कापडाखाली त्याला घाम फुटला होता. समोर खुर्चीत धनसिंग आबा बसले होते. जळगावात स्टुडिओ काढून इतकी वर्षं झाली, अर्ध्या गावाची लग्नं त्याने टिपली, मेहरूणच्या तळ्याकाठी किती नवराबायको लाजत उभे केले — आणि त्याचा सख्खा बाप चोपड्याहून येऊन ही पायरी आज पहिल्यांदा चढला होता.

लहानपणी पाहिलेल्या जत्रेतल्या फोटोवाल्याचं कापड असंच होतं. त्याने आत डोकावू दिलं तेव्हा पाळणे, बैल, माणसं, अख्खी जत्रा काचेवर उलटी लटकलेली... पितांबर वेडाच झाला होता. आबांनी कान धरून बाहेर ओढलं. पुढे केळीचा बाग टाकून तो धुळ्याला हे काम शिकायला निघाला, तेव्हा आबा एवढंच म्हणाले की ते डबडं घरात आणायचं नाही. त्यानेही हट्टाने आणलं नाही. दोघांच्या या ताठ्यात आई गेली, आणि तिचा एकही फोटो निघाला नाही.

"तुनी मायना फोटू राही गया," मघाशी बसताना आबा म्हणाले होते, त्याच्याकडे न बघता. "मना तरी काढी ले. मांगून हार घालाले लागी."

त्याने कॅमेऱ्यात फोटोची प्लेट बसवली. "हालू नका, आबा."

आणि आबा हलले नाहीत! जन्मात ज्यांनी त्याचं एक ऐकलं नाही, ते गुडघ्यांवर हात ठेवून शहाण्या मुलासारखे बसले, थेट त्याच्याकडे बघत — निदान भिंगाकडे. केवढं बरं वाटलं त्याला. त्याने भिंगाची टोपी काढली, बघत राहिला, टोपी लावली.

"जाया का?" झालं का, असं आबांनी विचारलं.

तेव्हा त्याला दिसलं. प्लेटपुढची उजेड अडवणारी पट्टी ओढायचीच राहिली होती. नवशिक्यालाही न शोभणारी चूक; आत उजेड गेलाच नव्हता.

"परत एकदा बसावं लागेल, आबा."

आता भडकतील, असं त्याला वाटलं. पण आबांनी फक्त डोक्यावरची टोपी नीट केली. "बरं," म्हणाले आणि पुन्हा समोर बघू लागले.

पट्टीवर त्याची बोटं होती. ओढायची, की झालं. मग आबा उठतील, संध्याकाळची गाडी धरतील, आणि हा फोटो त्यांच्या मागे हार घालून गावी भिंतीवर जायची वाट बघत पडून राहील... लहानपणापासून या एका माणसाने आपल्यासमोर असं बसावं म्हणून जीव तुटत होता. तो आला, तोही जायच्या तयारीने.

"काढ ना रे," आबा हळूच म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच त्याला फोटो काढायचा नव्हता.