धुळ्याच्या आकाशात अडकणारं विमान

तुमचं काही अडलं की तुम्ही सगळ्यात आधी कोणाला धरता? जो सगळ्यात जास्त राबला त्याला. आणि तो राबणारा हळवा असला, तर दुसऱ्या कोणी बोट दाखवायची गरजच पडत नाही. तो स्वतःच स्वतःला गुन्हेगार ठरवून मोकळा होतो. तुम्ही त्याला तसं ठरवू देता, हा तुमचा अपराध.

मी धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या एका छापखान्यातला जुना कॉम्प्युटर बोलतोय. हल्ली माझ्या डोक्यावर कोऱ्या पत्रिकांचे गठ्ठे ठेवतात. पण मी आलो त्या दिवशी माझा थाट नवरदेवाचा होता. मुंबईहून गोधडीत गुंडाळून मला टेम्पोने आणलं. मालक तोतारामभाऊंनी चपला बाहेर काढल्या, मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि लग्नपत्रिका जुळवायचं काम माझ्याकडे आलं.

मला चालवायला अभिमन आला. नेर गावचा, नुकताच बी. एस्सी. झालेला. पत्रिकेसाठी मराठी अक्षरं लागतात आणि ती मला जन्मतः येत नव्हती. त्यासाठी अभिमनने एक वेगळा प्रोग्राम माझ्यात भरला. तोतारामभाऊंची एकच अट होती.

"मशीन चालू व्हयनं का पहिलं देवनं नाव दिसाले पाहिजे."

अभिमनने तशी सोय केली. मला चालू केलं की मराठीचा प्रोग्राम आपोआप माझ्या मेमरीत येऊन बसायचा आणि पडद्यावर उमटायचं, '॥ श्री गणेश प्रसन्न ॥'. पुढे पडद्यावर काहीही येवो, तो प्रोग्राम मात्र मला बंद करेपर्यंत जागचा हलत नसे. माझी मेमरी म्हणजे एका खोलीचं बिऱ्हाड. त्यात हा पाय पसरून बसलेला.

काम नसलं की अभिमन विमान उडवायचा. फ्लाइट सिम्युलेटर नावाचा खेळ त्याने मित्राकडून फ्लॉप्यांवर आणला होता. खेळात परदेशातली शहरं होती, समुद्र होते. आपल्याकडचं काहीच नव्हतं. याचा त्याला राग यायचा. "आमच्यावर आकाश नाही का?" असं तो मलाच विचारायचा. पण त्या खेळाला आपण बनवलेला मुलुख बाहेरून जोडता यायचा. मग त्याने धुळे बनवायला घेतलं. गोंदूरची धावपट्टी, पांझरा नदीचं वळण, लळिंगचा किल्ला, पुढे एरंडोलवरून जळगावपर्यंतचा रस्ता आणि तापीकाठच्या केळीच्या बागा. बिंदू बिंदू जोडून त्याने अख्खा खानदेश माझ्यात उतरवला. मी आतून पाहिलाय तो. फार देखणा होता.

लग्नसराईत देवरेसाहेब मुलीची पत्रिका छापायला आले. मूळचे इथलेच, आता पुण्यात वैमानिकांच्या शिक्षणासाठी अशीच पडद्यावरची विमानं बनवणाऱ्या कंपनीत. अभिमनचं काम त्यांनी उभ्याउभ्याच पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले.

"पत्रिका न्यायला येईन तेव्हा धुळ्यावरून जळगावपर्यंत उडवून दाखव. न अडखळता गेलं, तर लग्न उरकल्यावर माझ्याबरोबरच पुण्याला चल. असा पोरगा मी शोधतोच आहे."

अभिमनला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. विमान धुळ्याच्या आकाशात आलं की अभिमनने बनवलेला मुलुख माझ्या मेमरीत उतरू लागायचा. जागा पुरायची नाही. तो मराठीच्या प्रोग्रामला धडकायचा आणि मी जागच्या जागी थिजायचो. विमान हवेत लटकलेलं, पडदा गोठलेला.

अभिमनने काय केलं नाही? फ्लॉप्या बदलल्या. व्हायरस आहे का ते तपासलं. ऊन मी म्हणत होतं, म्हणून माझं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. प्रिंटरची वायर काढली. एवढं सगळं काढलं, पण सकाळी पहिलं उमटणारं ते नाव, त्यामागच्या प्रोग्रामसकट, काढून पाहावं, असं त्याला सुचलं नाही. सुचणार कसं? ते त्यानेच बसवलं होतं आणि रोज पाहून पाहून त्याला ते दिसेनासं झालं होतं. शिवाय देवाच्या नावावर संशय घेणार कोण?

मग त्याने स्वतःवर संशय घेतला. "माझंच काहीतरी जड झालंय," म्हणाला, आणि छाटायला लागला. आधी केळी गेली. मग एरंडोल गेलं. लळिंगचा किल्ला पुसताना त्याचं बोट बटणावर बराच वेळ थांबलं होतं. पांझरा त्याने सगळ्यात शेवटी पुसली. तरी उरलेली नुसती जमीनही माझ्यात मावेना. मी ओरडत होतो, अरे, तुझं काही चुकलेलं नाही! पण माझं ओरडणं तुम्हाला नुसतं 'टूं' ऐकू येतं.

देवरेसाहेब आले. अभिमन विमान चालू करणार, तेवढ्यात तोतारामभाऊ आडवे आले.

"ते इमान ठेव बाजूले. साहेबना जावाईनं नाव चुकेल शे, ते पहिले सुधार."

"भाऊ, पाचच मिनिटं द्या ना."

"तुनं इमान मंग उडी. नवरदेवनं नाव चुकनं तं वरात परत जाई!"

साहेबही हसले. नाव सुधारून पत्रिका छापायला गेल्या. मग विमान गोंदूरच्या धावपट्टीवरून उठलं आणि उठताच गोठलं. साहेबांनी थोडी वाट पाहिली. अभिमनच्या पाठीवर हात ठेवला. "चालायचंच," म्हणाले आणि छापून झालेल्या पत्रिकांचा गठ्ठा उचलून गेले.

अभिमनने पुढच्या आठवड्यात काम सोडलं. चाळीसगावला एका शाळेत कारकून म्हणून लागला, असं कानावर आलं. मला पुन्हा तसं कोणी हाताळलं नाही.

काही वर्षांनी नवं मशीन आलं. मराठीचा प्रोग्राम माझ्यातून निघून त्यावर गेला. तोतारामभाऊ म्हणाले, "देव नव्या घरी गया." मी फक्त बिलांपुरता उरलो. नवी ऑपरेटर मंदा एका दुपारी माझ्यात काय काय आहे ते चाळत होती. तिला विमान सापडलं. तिने ते उडवलं आणि ते धुळ्यावरून सरळ निघून गेलं. कुठे अडलं नाही. खाली मात्र सपाट तपकिरी जमीन. नदी नाही, किल्ला नाही.

मंदा हुशार. अभिमनचं विमान कसं अडायचं, हे तिने भाऊंकडून ऐकलं होतं. तिने मराठीचा प्रोग्राम माझ्यात परत भरून पाहिला. मी थिजलो. काढला, विमान गेलं. ती ताडकन उठली.

"काका, अभिमनदादाचं काही चुकलंच नव्हतं हो! ही मराठी अक्षरं आडवी येत होती!"

तोतारामभाऊंनी स्टूल ओढलं आणि ते विमान पुन्हा उडवून दाखवायला लावलं.

तुमच्याजवळ कोणी असा धडपडत बसला असेल, तर एवढंच करा. तो स्वतःचं काम छाटायला लागला, की त्याचा हात धरा. आधी आजूबाजूचं बंद करून पाहू म्हणा. मला ते म्हणता आलं नाही. मला आता भंगारात काढतील आणि माझी त्याला हरकत नाही.

मंदाला हे उमगलं त्याच आठवड्यात अभिमनची आई सुगंधाबाई धाकट्या मुलीच्या पत्रिकेसाठी आली. मंदाने तिला हाताला धरून माझ्यासमोर बसवलं, विमान दाखवलं, सगळं सांगितलं. तोतारामभाऊ म्हणाले, "अक्का, मी आजच त्याले फोन लावस."

सुगंधाबाई पडद्याकडे पाहत राहिली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "नका सांगू त्याले, भाऊ. आते कोठे तो जरासा हासाले लागना."