टेकूचं नाव

ठेकेदाराला आपल्या यंत्रांचं भारी कौतुक. विमावाल्या बाईंनी पत्र्याच्या साइट ऑफिसात खुर्ची ओढली आणि कशाकशाचा विमा उतरवायचाय म्हणून विचारलं मात्र, याची जीभ सुटली. मिक्सर कुठून आणला, त्याची मोटर कधी जळली, सेंटरिंगच्या प्लेटा कुठल्या गोदामात किती, सगळं तोंडपाठ. बाई लिहून लिहून दमल्या.

"मुलांचे वाढदिवसही इतके पाठ नसतील तुम्हाला," त्या म्हणाल्या. स्वारी खूष झाली.

"आता माणसं."

खरं तर बाईंना बोलावलं होतं ते माणसांसाठीच. पलीकडच्या साइटवर परांची कोसळून एक गवंडी गेला, तेव्हापासून ठेकेदाराच्या बायकोने त्याला सळो की पळो करून सोडलं होतं. उद्यापासून इथेही बाहेरच्या भिंतींचा गिलावा सुरू व्हायचा होता, तोही पार वरच्या मजल्यापासून.

बाईंनी दोन प्रकार समजावले. एकात नुसती डोकी मोजायची. स्वस्त पडतं, पण काही झालं तर तो माणूस तुमचाच होता हे सिद्ध करत बसा. दुसऱ्यात नावानिशी विमा, पैसे थेट त्याच्या घरी. "नावाचाच घ्या, साहेब. सगळ्यात जास्त धोका कुणाला? त्याच्यापासून सुरू करू."

धोका अर्थातच टेकूला. स्लॅबखाली उभा करतात त्या टेकूसारखा उंच, किडकिडीत गवंडी, ठेकेदाराच्या पहिल्या कामापासूनचा. परांचीवर सगळ्यांच्या वर तोच. ठेकेदाराची मुलगी आजारी पडली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर घरच्यासारखा बसून राहिलेलाही तोच.

"लिहा," ठेकेदार म्हणाला, आणि त्याने जे तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. टेकूचं नाव काय?

"हजेरीत असेल की," बाई म्हणाल्या.

हजेरीत टेकूच होतं. फोन आल्याचं सोंग करून तो बाहेर गेला आणि बायकोला विचारलं.

"मला काय माहीत? तुम्ही टेकू म्हणता, म्हणून आम्ही टेकूभाऊजी म्हणतो," ती म्हणाली. "अहो, तुम्हालाही माहीत नाही?"

तो कानकोंडा होऊन आत आला. "नुसती डोकीच मोजा," त्याने सांगून टाकलं. "माणसांचं काय, येतात नि जातात."

बाईंनी पान उलटलं. स्वतःचे शब्द ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिडकीतून टेकू दिसत होता. दुसऱ्यांना वर सोडण्याआधी फळी न् फळी तो स्वतःच्या पायाने दाबून बघत होता. आणि आपण, विचारायची लाज वाटते म्हणून, त्याला उघड्यावर टाकतोय.

"थांबा," ठेकेदार म्हणाला आणि त्याने टेकूला हाक मारली.

टेकू हात पुसत दारात आला. चपला बाहेरच काढल्या.

"बाईंना तुझं नाव सांग. तुझ्याच तोंडून हवंय त्यांना."

टेकूने त्याच्याकडे पाहिलं आणि तो गालात हसला. "विसरलात होय, मालक?"

"विसरलो रे." नजर वर होईना.

"तुमचं तेच माझं. पहिल्याच दिवशी मुकादमाने मला हाक मारली आणि ओ दिलीत तुम्ही. सगळे हसले. तुम्ही म्हणालात, एका साइटवर या नावाचा एकच पुरे, आजपासून तू टेकू." सांगताना त्याच्या आवाजात राग औषधालाही नव्हता, म्हणूनच ते ऐकवेना.

"घरी तरी नावाने हाक मारतात ना?" बाईंनी विचारलं.

"आई होती तोवर मारायची."

बाईंनी नाव लिहिलं. ठेकेदाराने नावाचाच विमा घेतला, सगळ्यांचा. टेकू पुन्हा परांचीकडे निघाला. ठेकेदार त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेला, घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला नावाने हाक मारली. वाळू चाळणाऱ्या बाया हात थांबवून मालकाकडे बघू लागल्या. स्वतःच्याच नावाने कुणाला बोलावतोय हा? टेकू शिडी चढत राहिला. ठेकेदाराने पुन्हा हाक मारली, जोरात. टेकूने मान वळवली नाही.

शेवटी तो ओरडला, "टेकू!"

"काय मालक?" टेकू तत्काळ वळला.

"सेफ्टीचा पट्टा बांध," ठेकेदार कसाबसा म्हणाला.