पुढे पळणारी घड्याळं

आमच्या घरात लोहचुंबक चालत नाही. लोकांच्या फ्रिजच्या दारावर फुलं, फळं, फुलपाखरं काय काय चिकटवलेलं असतं. आमचा फ्रिज अगदी उघडाबोडका. लेक शाळेत असताना तिला चुंबकाच्या झाकणाची कंपासपेटी कुणीतरी दिली होती, ती मी त्याच पावली परत करून आले. कारण आमचे हे घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीत यांचं टेबल, आणि काम सगळं किल्लीच्या घड्याळांचं. घड्याळाच्या पोटात केसाएवढी बारीक स्प्रिंग असते. तिला चुंबक लागलं की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ सुसाट पुढे पळायला लागतं. म्हणून लग्न होऊन मी आले तेव्हाच यांनी मला नियम सांगून टाकला: लोहचुंबक उंबऱ्याच्या आत येता कामा नये. बाकी यांचं मी किती ऐकलं ते सोडा, पण हे ऐकलं. पुढे पुढे तर यांच्यापेक्षा कडक मीच झाले.

लेक आमची एकुलती एक. सकाळी छापखान्यात प्रुफं तपासते आणि दुपारी बाबांची घड्याळं पोचवते. दुकानात चालत येणारी गिऱ्हाइकं कमी झाली तेव्हा तीच म्हणाली होती, "बाबा, ती येत नाहीत ना? मग आपण जाऊ." पाठीवर सॅक, सॅकमध्ये घड्याळांचा डबा आणि बुडाखाली ती धडधडणारी मोटरसायकल. संध्याकाळी खांदे चोळत बसायची. शिवाय पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून सिग्नलला थांबली की हात मागे टाकून सॅकची चेन चाचपायची. मग एका सुट्टीच्या दिवशी ती टाकीवरची बॅग घेऊन आली.

अंगणात तो सगळा सोहळा झाला. मी पायरीवर उभी, हातात धुण्याची बादली. पेट्रोलच्या टाकीवर बसवायची बॅग असते हेच मला माहीत नव्हतं.

"अगं बाई, तुझ्या गाडीला पोट सुटलं!" मी म्हटलं.

"आई, तू आत जा बघू."

मी कशाला जाते आत! तिने आधी टाकी कोरड्या फडक्याने लख्ख पुसली, कारण खाली वाळूचा कण राहिला तरी रंगावर ओरखडे पडतात म्हणे. बॅग दोन तुकड्यांची होती. खालचा तळ कायम गाडीवर राहतो, वरची बॅग चेनने त्याला जोडायची आणि उतरताना काढून घ्यायची. तळाला दोन्ही बाजूंना जाड कान होते, ते तिने टाकीच्या गालांवर थोपटून बसवले. पुढचा पट्टा हँडलखाली गाडीच्या मानेभोवती घेतला, मागचा सीटखालून. दोन्ही ओढून आवळले. मग हँडल पूर्ण उजवीकडे वळवून पाहिलं, ठीक होतं. डावीकडे वळवलं आणि हॉर्न जो बोंबलायला लागला तो थांबेचना. बॅगेचा कोपरा हॉर्नच्या बटणावर चढून बसला होता.

समोरचे शिंपीकाका मशीनवरून ओरडले, "अगं, येतो येतो! एवढ्या हाका कशाला मारतेस?"

लेक लाल झाली. तिने बॅग बोटभर मागे सरकवली, पट्टे पुन्हा बांधले, पुन्हा दोन्हीकडे हँडल फिरवलं. तेवढ्यात हे चष्मा कपाळावर चढवून बाहेर आले. बॅगेत स्पंजची गादी होती, ती यांनी अंगठ्याने दाबून पाहिली.

"झकास," हे म्हणाले. "लेकराला पुढ्यात घेऊन बसल्यासारखं."

पोरगी एवढी खूश झाली की विचारू नका. आणि खरंच, त्या दिवसापासून तिचे खांदे दुखायचे थांबले.

दुसरंच दुखणं सुरू झालं. पहिला फोन बेकरीवाल्याचा. "घड्याळजी, पाव अजून भट्टीत आणि तुमचं घड्याळ म्हणतं, दुकान उघड!" हे हसले आणि घड्याळ परत मागवलं. मग दवाखान्यातल्या सिस्टरांचा फोन आला. त्या घड्याळावर नाडी मोजतात, त्यामुळे त्या काही हसल्या नाहीत. मग निवृत्त मास्तरीणबाई. मग आणखी कोण, आणखी कोण. सगळ्यांची तक्रार एकच: घड्याळ पुढे पळतंय.

लेक घड्याळ परत आणायची, हे उघडायचे, डोळ्याला भिंग लावून बघत बसायचे. स्प्रिंगची वेटोळी चिकटलेली असायची. हे स्प्रिंग बदलायचे, टेबलावर घड्याळ ताळ्यावर यायचं, लेक पोचवून यायची आणि पुन्हा फोन.

आता एक सांगायला हवं. यांचा उजवा हात अलीकडे थरथरतो. कप उचलला की निम्मा चहा बशीत. पण चिमटा हातात आला की थरथर थांबते, मी रोज बघते. हे मात्र मानायला तयार नाहीत. म्हणायचे, "मीच वाकवतोय गं स्प्रिंग. आणि वाकवली ते मला कळतही नाही."

एकदा मी विचारलंही, "चुंबक तर लागलं नसेल?"

"कुठून लागणार? घरात आहे का कुठे?"

यावर माझीच मान ताठ झाली. माझ्या घरात आणि लोहचुंबक! घड्याळावर होकायंत्र धरलं की चुंबक लागलंय का ते लगेच कळतं. यांचं होकायंत्र ड्रॉवरच्या तळाशी वर्षानुवर्षं पडून होतं, पण ते काढून बघायचं कुणाला सुचलंच नाही.

मग एका सकाळी हे चहाला हात न लावता म्हणाले, "चौकातल्या घड्याळवाल्याला बोलावलंय. हत्यारं तो घेऊन जाईल. चांगला माणूस आहे, नीट वापरेल."

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी काय करणार? लोकांची घड्याळं बिघडवण्यापेक्षा बसून राहीन."

माझं डोकं सणकलं. चांगलं झापायला तोंड उघडलं होतं, पण यांच्याकडे पाहिलं आणि नुसता कप उचलला. या माणसाला मी आयुष्यभर त्या टेबलाशी वाकलेला पाहिलाय. टेबलावरून उठला तर हा झिजून जाईल, हे मला लख्ख दिसत होतं आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. लेक स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. मला काय कळत नाही होय?

मला राग आला की हाताला काम लागतं. गाडीवरच्या त्या बॅगेच्या तळाची शिवण एका कानाशी उसवलेली मी आदल्या दिवशी पाहिली होती. सुई-दोरा घेतला आणि अंगणात गेले. सुई शिवणीत घालायच्या आत माझ्या चिमटीतून निसटली आणि कानाला टक् करून चिकटली. ओढून काढली, पुन्हा चिकटली. केसातली पिन काढून धरली, तीही चिकटली.

"अगं ए, बाहेर ये आधी!" मी लेकीला हाक मारली. "हे काय आहे?"

ती डोळे पुसत आली. "लोहचुंबक आहे आई. बॅग टाकीला धरून राहायला."

"आणि हे मला आज सांगतेस?"

"त्यात काय सांगायचं? एवढ्यासाठी तर दोन तुकड्यांची बॅग शोधून शोधून आणली. चुंबक बाहेर गाडीवरच राहतं. उंबऱ्याच्या आत मी ते एकदाही आणलं नाही, तुझी शप्पथ!"

बोलली आणि थांबली. गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. रोज दुपारी बाबांची घड्याळं त्याच चुंबकावर ठेवून ती गावभर हिंडत होती. जी गिऱ्हाइकं स्वतः येऊन घड्याळ घेऊन गेली, त्यांच्यापैकी एकाचाही फोन आला नव्हता, हेही मला तेव्हाच आठवलं.

तिला मी काय बोलणार, कप्पाळ? 'उंबऱ्याच्या आत नाही' हे मीच तिच्याकडून लहानपणापासून घोकून घेतलं होतं. का नाही, ते आम्ही दोघीही साफ विसरून गेलो होतो.

आतून बोलण्याचा आवाज येत होता. घड्याळवाला मागच्या गल्लीच्या दाराने येऊन बसला होता. नुसतं सांगून यांना पटलं नसतं. म्हणाले असते, माझी समजूत काढताय. मी पट्टे सोडले, तो तळ टाकीवरून उपटला आणि निघाले. उंबऱ्याशी पाय अडला. खरंच अडला हो, कुणीतरी धरल्यासारखा. मग म्हटलं, गेला खड्ड्यात तो नियम, आणि आत गेले.

हत्यारं कापडात गुंडाळून झाली होती. घड्याळवाला मान खाली घालून चहा पीत होता.

"हे काय आणलंस?" हे म्हणाले.

"लोहचुंबक."

"घरात?"

"हो, घरात! काढा ते ड्रॉवरमधलं होकायंत्र."

मी तळ घेऊन लांब दाराशीच उभी राहिले, घड्याळवाल्यानेच ते शोधून काढलं. सिस्टरांचं घड्याळ कालच परत आलेलं, टेबलावर होतं. त्यावर होकायंत्र धरताच काटा गर्रकन वळला. यांनी ते लांब नेलं, पुन्हा जवळ आणलं. काटा पुन्हा वळला. मग माझ्या हातातल्या तळाकडे पाहिलं, दारातून दिसणाऱ्या मोटरसायकलकडे पाहिलं. मला एक शब्दही सांगावा लागला नाही. चुंबक उतरवायचं छोटं मशीन यांच्याकडे आहे. यांनी त्यावर घड्याळ धरलं, सावकाश दूर नेलं आणि पुन्हा होकायंत्राखाली सरकवलं. काटा हलला नाही.

"म्हणजे माझे हात..." हे म्हणाले.

"हात शाबूत आहेत तुमचे. अक्कल गेली होती, ती आपल्या तिघांची," मी म्हटलं आणि मलाच रडू फुटलं.

लेक दाराबाहेरच उभी. आत यायला तयार नाही. "बाबा, माझ्यामुळे झालं सगळं."

"वेडी का तू? ये आत," हे म्हणाले. "चुंबक काय, मशीनवर धरलं की उतरतं. हात गेले असते तर ते कुठल्या मशीनवर धरले असते मी?"

घड्याळवाल्याने चहा संपवला, हत्यारांची गुंडाळी स्वतः सोडली आणि एकेक जागच्या जागी मांडलं. "निघतो काका. नाहीतर काकू मलाही कुठेतरी चिकटवतील."

लेक ती बॅग फेकून द्यायला निघाली होती. यांनी फेकू दिली नाही. कान उसवून चुंबकं काढली, मी कान पुन्हा शिवले, आणि चुंबकं शिंपीकाकांना दिली, सांडलेल्या सुया गोळा करायला. आता बॅग नुसत्या पट्ट्यांवर बसते. दुपारी हे स्वतः अंगणात उतरले. पट्टे ओढून पाहिले, लेकीला दोन्हीकडे हँडल फिरवायला लावलं. मग मनगटावरचं स्वतःचं घड्याळ सोडलं. हे घड्याळ एक अंघोळ सोडली तर यांच्या हातावरून उतरत नाही. ते बॅगेत ठेवलं आणि चेन लावायला लागले. हात लटलट कापत होता. लेक मदतीला पुढे झाली, मी तिला असा चिमटा काढला की जागच्या जागी थांबली. चेन लागली.

"पहिला फेरा याचा," हे म्हणाले. "गावभर फिरवून आण."

ती येईपर्यंत हे रिकामं मनगट चोळत पायरीवर बसून होते. आल्यावर घड्याळ आधी कानाशी नेलं, मग भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाशी ताडून पाहिलं. बरोबर होतं. लेकीने ते यांच्या हातावर बांधलं. हे उठून आत गेले. टेबलाशी बसले आणि बेकरीवाल्याचं घड्याळ पुढे ओढलं. हात थरथरतच हत्यारांकडे गेला, चिमटा बोटांत आला आणि हात थांबला. मी रोज बघते. या वेळी यांनीही पाहिलं.